उकळल्यावर उरलेलं

धाकटीच्या तोंडात ब्रश होता, एका पायात मोजा होता आणि दुसरा मोजा सापडत नव्हता, तेव्हा थोरलीचा फोन आला. माणसाच्या हातून मोठ्या चुका व्हायच्या त्या अशाच वेळी होतात. खुर्चीत बसून, नीट विचार करून कुणी चूक केल्याचं निदान आमच्या तरी ऐकण्यात नाही.

"अगं, ते सूप बाहेरच राहिलं," थोरली म्हणाली.

"कुठलं?"

"कोंबडी-बटाट्याचं. कारखान्याच्या आजच्या जेवणाचं. काल संध्याकाळीच करून ठेवलं, म्हटलं सकाळची घाई नको. तर पातेलं फ्रिजमध्ये जाईना. फळी काढली, तिरकं करून बघितलं. मग म्हटलं, छोट्या भांड्यांत काढू. जरा टेकले आणि तिथंच डोळा लागला. आता उठून बघते तर ओट्यावर जसंच्या तसं."

"वास?"

"अजिबात नाही. चवसुद्धा बघितली, झकास आहे. फेकू का? साठ जणींचं आहे गं. आता नवीन कधी करू?"

धाकटी एकोणीस वर्षं अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. लोकांनी डबाबंद करून, पाकिटात भरून, कढईत तळून विकलेलं काय काय ती पिशवीत घालून घुसळायची, बश्यांमध्ये पसरायची आणि त्यात काय उगवतं ते मोजायची. त्यामुळे घराण्यात तिचा अन्नाबाबतचा शब्द शेवटचा. दही आंबलं, बिस्किटाला मुंग्या लागल्या, कुणाच्या पोटात कळ आली, की फोन धाकटीला. नवरा म्हणायचा, "आपल्याकडे डॉक्टरपेक्षा तुझी प्रॅक्टिस जोरात आहे. फक्त फी तेवढी येत नाही."

तिनं घड्याळ बघितलं. बसला आठ मिनिटं होती.

"खळखळून उकळ," ती ब्रश गालात सरकवून म्हणाली. "चांगली वीस मिनिटं. सगळं मरतं."

"नक्की ना?"

"ताई, माझी बस जाईल!"

मोजा पलंगाखाली सापडला. बसही मिळाली.

दुपारी एकला कारखान्यातल्या शिवणकाम करणाऱ्या बायका जेवल्या. सूप छान झालंय म्हणून काही जणींनी दुसऱ्यांदा घेतलं. चार वाजायच्या आत एकतीस जणी ओकत होत्या. संडासापाशी रांग, जिन्यात रांग, कापडाच्या गठ्ठ्यांवर आडव्या पडलेल्या बायका. त्यातली काजं करणारी म्हातारी एवढी गळून गेली की तिला दवाखान्यात नेऊन दोन दिवस सलाईन लावावं लागलं. बाकीच्या दुसऱ्या दिवशी उठून बसल्या, पण चेहरे पिळून वाळत घातल्यासारखे.

त्याच संध्याकाळी अन्न निरीक्षक थोरलीच्या स्वयंपाकघरात आला. पातेल्यात तळाशी राहिलेलं सूप त्यानं बरणीत भरलं, सील केलं, आणि वही काढून विचारलं, "रात्री हे कुठं होतं?"

"फ्रिजमध्ये," थोरली म्हणाली.

आपण हे बोललो याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं, असं तिनं नंतर धाकटीला सांगितलं. तोंडातून निघूनच गेलं. आणि एकदा निघाल्यावर त्याला परत आत कसं घालायचं?

"सकाळी गरम कुणी केलं?"

आता इथं ठसक्याची ओळख करून द्यायला हवी. थोरलीकडे गेली अकरा वर्षं कामाला असलेल्या बाईला सगळी गल्ली ठसका म्हणायची. उभा जन्म फोडणीच्या धुरात गेल्यामुळे तिला सतत खोकला, आणि बोलणंही तसंच, समोरच्याला ठसका लागेल असं. नावाचा तिला राग नव्हता. "खरं नाव आईबापांनी ठेवलं, हे मी कमावलं," म्हणायची. थोरलीकडचं आटोपलं की ती आणखी तीन घरी स्वयंपाक करायला जायची. पंचावन्न वर्षांची, एकटी.

"मी केलं गरम," ठसका निरीक्षकाला म्हणाली. "वीस मिनिटं. घड्याळ लावून. डाव फिरवून फिरवून दंड भरून आला."

आणि खोकली. निरीक्षकानं वहीत काहीतरी लिहिलं.

तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर, किराणा दुकानात, बसथांब्यावर एकच गोष्ट. ती खोकणारी बाई. पातेल्यावर खोकली असणार. गॅस वाचवायला अर्धकच्चं गरम केलं असणार. थोरलीनं काही म्हटलं नाही. हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. नुसतं ठसक्याला सांगितलं, "थोडे दिवस येऊ नका." शेजारीण त्यावर म्हणाली, "बरंच झालं, सुंठीवाचून खोकला गेला." आणि दोन बायका हसल्या.

बुधवारी तो नमुना प्रयोगशाळेत आला.

बरणीवर नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. कुणाचं काय हे तपासणाऱ्याला कळू नये म्हणून केलेली ती व्यवस्था. पण धाकटीनं बरणी उजेडात धरली आणि गाजराच्या फोडी बघितल्या. लांबट, तिरक्या, एका टोकाला निमुळत्या. आईनं दोघींना एकाच पाटावर बसवून शिकवलेलं ते कापणं. तिसऱ्या कुणाला तसं जमत नव्हतं.

नियम साधा होता. नमुना आपल्या माणसाचा आहे असं कळलं तर प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना सांगायचं आणि बाजूला व्हायचं. मॅडम दहा पावलांवर, काचेपलीकडे चहा पीत बसल्या होत्या. धाकटी उठली, काचेपर्यंत गेली.

"काय हो?" मॅडमनी मान वर केली.

"काही नाही. हातमोज्यांचं खोकं संपलंय."

"कपाटात आहे की."

"हो का," म्हणाली आणि परत आली. कपाटात खोकं आहे हे तिला माहीत होतं. तिनंच ठेवलं होतं.

मग तिनं काम केलं. काम मात्र चोख केलं, त्यात तिच्याकडून तसूभर इकडंतिकडं झालं नाही. सूप मोजून पिशवीत घातलं, यंत्रानं ते धोपटलं, पातळ केलं, आणखी पातळ केलं, आणि थेंब थेंब बश्यांवर पसरलं. वेगवेगळ्या जंतूंना वेगवेगळी बशी लागते. कुणाला काय खायला आवडतं ते ओळखून पुढ्यात वाढायचं आणि कोण जेवायला येतं ते बघत बसायचं. पाहुणचाराचंच काम, फक्त पाहुणे आले तर यजमानाची झोप उडते. बश्या तिनं उबदार कपाटात ठेवल्या. अठ्ठेचाळीस तास.

गुरुवारी संध्याकाळी ती थोरलीकडे गेली. स्वयंपाकघर धुऊन पुसून लखलखत होतं आणि शेगडी थंड होती. अकरा वर्षांत त्या घरात एवढं शांत कधी नव्हतं. थोरलीनं चहा ठेवला. कप उचलताना तिच्या तर्जनीवरची कापडाची पट्टी दिसली.

"बोटाला काय झालं?"

"रविवारी कापलं. विळीवर. जरा पिकलंय."

"मग सोमवारी शिजलेली कोंबडी कुणी सोडवली हाडांवरनं?"

"मीच. ठसक्याला नीट जमत नाही, ती बोटभर तुकडे ठेवते. पट्टी मध्ये मध्ये येत होती म्हणून काढून ठेवली होती तेवढ्यापुरती. हात धुतले होते हं, साबणानं." थोरलीनं पट्टी सारखी केली. "का गं?"

धाकटीनं कप खाली ठेवला. आता तिला सगळं दिसत होतं, वहीत पायरी पायरीनं मांडल्यासारखं. पिकलेल्या बोटातला जंतू शिजलेल्या कोंबडीच्या मांसात गेला. त्या भल्यामोठ्या पातेल्यात सूप रात्रभर कोमट राहिलं. जंतू वाढले, आणि वाढता वाढता त्यांनी आपलं विष सुपात सोडलं. वास नाही, चव नाही. सकाळी ठसक्यानं इमानेइतबारे वीस मिनिटं उकळलं आणि जंतू मेले. विष मेलं नाही. ते मरायला मुळात जिवंत नसतंच. वीस मिनिटं काय, तासभर उकळलं तरी त्याला ढिम्म होत नाही. हे धाकटीला एकोणीस वर्षं माहीत होतं. नव्या लोकांना ती स्वतः शिकवायची हे.

"सगळं मरतं," असं ती म्हणाली होती, ब्रश गालात सरकवून.

"का गं विचारलंस?" थोरलीनं पुन्हा विचारलं.

"उगीच," धाकटी म्हणाली. "बोटाला मलम लाव."

शुक्रवारी तिनं कपाट उघडलं. बश्या कोऱ्या करकरीत होत्या. ज्या बशीवर काळ्या चकचकीत टिकल्या उगवायला हव्यात, तिथं एक टिकली नाही. तिनं बशी फिरवून बघितली, भिंगातून बघितली. पहिल्यांदा तिच्या मनात आलं, सुटलो. सुटले नव्हे, सुटलो, दोघीही. आणि पाठोपाठ अशी शरम वाटली की तिनं बशी खाली ठेवली आणि उगीचच हात धुतले.

म्हणजे ठसक्यानं खरंच वीस मिनिटं उकळलं होतं. ही कोरी बशी म्हणजे ठसक्याचं प्रमाणपत्र. पण ते वाचता कुणाला येणार? अहवालात लिहिलं जाणार, 'हानिकारक जंतू आढळले नाहीत.' लोक म्हणणार, मग नक्की बाईचा खोकलाच.

विषाची तपासणी वेगळी असते. त्याचा संच महाग, वर्षाला मोजके मिळतात, म्हणून मागणीपत्र भरून मॅडमची सही घ्यावी लागते. पत्रात एक चौकट असते, 'कारण'. धाकटी त्या चौकटीसमोर पेन घेऊन बराच वेळ बसली. मग लिहिलं, 'जेवणानंतर तीन तासांत उलट्या. जंतूंची वाढ नाही. उकळीत टिकणाऱ्या विषाची शक्यता.' यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. ते पातेलं रात्रभर बाहेर होतं, आणि हे मला कसं माहीत, एवढंच त्यात नव्हतं. साप मरावा आणि काठीही मोडू नये, अशी ती चौकट भरली गेली.

"शाब्बास," मॅडम सही करता करता म्हणाल्या. "दुसऱ्या कुणी कोऱ्या बश्या बघून फाईल बंद केली असती. तुम्ही आहात म्हणून आमची अब्रू आहे बाई."

त्या शाब्बासकीचं काय करायचं ते धाकटीला कळेना. ती खिशात ठेवता येत नव्हती आणि परतही करता येत नव्हती.

दुपारभर तिनं संच लावला. पट्टीवर छोटे छोटे खळगे. थेंब घालायचा, थांबायचं, धुवायचं, परत घालायचं. पहिला खळगा कोरा राहायला हवा, दुसऱ्यात रंग यायलाच हवा, म्हणजे संच खरं बोलतोय हे कळतं. तिसरा आणि चौथा सुपाचा. ती बघत राहिली. तिसरा हळूहळू निळसर झाला, चौथा झाला, मग दोन्ही गडद. शेवटचा थेंब घातल्यावर निळ्याचं पिवळं झालं. हळदीसारखं पिवळंजर्द. यंत्रावर आकडा बघायची गरज नव्हती, तरी तिनं बघितला.

सोमवारी सकाळी अहवाल गेला. दुपारी थोरलीचा फोन आला, आवाजात इतक्या दिवसांनी जीव आलेला.

"सुटले गं बाई! निरीक्षक येऊन गेला. म्हणाला, हे विष करणारा जंतू माणसाच्या हातात, नाकात, घशात असतो. आणि स्वतःच म्हणाला, घशात म्हणजे तुमची ती खोकणारी बाई. मी काहीसुद्धा बोलले नाही हं! कारखान्याच्या मॅनेजरनं फाटकावर नोटीस लावली, की आजारी मदतनीस बाईमुळे हा प्रकार झाला, तिला कामावरून काढलेलं आहे, पुढच्या आठवड्यापासून जेवण पूर्ववत. ऐकतेयस ना?"

"ठसकाबाईंचं काय?"

"मी देईन की तिला दोन महिन्यांचा पगार. मी काय वाऱ्यावर सोडणार आहे?" थोरलीनं आवाज खाली आणला. "तिन्ही घरच्यांनी तिला नको सांगितलं म्हणे. लोक पण ना."

"ताई, तुझं बोट—"

"बरं झालं मलमानं. कुणाला बोलू नकोस."

धाकटीनं फोन ठेवला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोरी वळून दिली ती आपण. तपासणी केली नसती तर ठसक्यावर नुसता संशय राहिला असता. आपण अर्धं खरं शोधून काढलं आणि लोकांनी उरलेलं अर्धं आपल्या सोयीनं भरलं. आता तिच्यावर सरकारी शिक्का होता, आणि त्या अहवालाखाली सही धाकटीची होती.

ती उठली आणि काचेपर्यंत गेली. या वेळी दार ढकलून आत गेली.

"मॅडम, तो सुपाचा नमुना माझ्या बहिणीचा आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"कधी कळलं?"

"बरणी हातात घेतली तेव्हाच. आणि अजून आहे." एकदा सुरुवात झाल्यावर बाकीचं आपोआप आलं, पातेलं, फ्रिज, बोट, फोन. ब्रशसुद्धा सांगितला. ब्रशाची काही गरज नव्हती, पण वगळायचं कुठून ते तिला त्या क्षणी ठरवता येईना. "ते विष एवढ्या प्रमाणात व्हायला कित्येक तास लागतात, मॅडम. सकाळी कुणी पातेल्यावर खोकलं म्हणून दुपारी एकतीस जणी पडत नाहीत. आणि खोकून गेले असते जंतू, तर उकळीत मेले असते. अहवालात वेळेचं काहीच नाहीये. ते मला माहीत होतं आणि मी लिहिलं नाही."

मॅडमनी सुपाची फाईल काढून पुढ्यात उघडली. बाहेर पिशवी धोपटणारं यंत्र धपधप करत होतं.

"तुम्हाला मी शाब्बास म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हो."

"एवढ्या वर्षांत एकदा म्हटलं असेल मी कुणाला." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून द्या. सगळं. नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत जाईल. चौकशी होईल, तोवर तुम्ही बश्यांना हात लावायचा नाही, बाहेर नोंदणीला बसायचं. चौकशीत काय होईल ते मला सांगता येत नाही."

तिनं लिहून दिलं. अडीच पानं झाली. निरीक्षक त्याच दिवशी थोरलीकडे परत गेला, आणि संध्याकाळी धाकटी तिथं पोचेपर्यंत स्वयंपाकघराच्या दाराला कागद लागला होता. पुढील आदेश होईपर्यंत बंद.

थोरली ओट्याला टेकून उभी होती.

"मला एकदा विचारलं तरी असतंस."

"तू सांगू दिलं नसतंस."

"अर्थात नसतं दिलं! वेडी आहे का मी? बारा वर्षांचं काम माझं! सख्खी बहीण ना तू? परकी असती तर तिनं तरी दयामाया दाखवली असती." थोरलीचा आवाज चढला. "आणि उकळ म्हणून कोण म्हणालं होतं? सगळं मरतं, कोण म्हणालं होतं? मी फेकू का म्हणून विचारलं होतं तुला! ते नाही सांगितलंस वाटतं तुझ्या मॅडमला?"

"सांगितलं. सगळ्यात आधी तेच लिहिलंय."

थोरलीनं हे हत्यार चार दिवस परजून ठेवलं असावं. ते असं हातातून निघून गेलं. ती ओट्यावरचा कोरडा फडका उचलून कोरडाच ओटा पुसायला लागली.

"मी फेकलं असतं," ती पाठमोरी म्हणाली. "तू फेक म्हणाली असतीस तर सगळं फेकलं असतं, खरंच."

"माहीत आहे मला."

"जा आता तू."

आपलेच दात, आपलेच ओठ. धाकटी निघाली.

ठसक्याची खोली तिसऱ्या गल्लीत, लोखंडी जिन्याखाली. दार उघडंच होतं. ती पलंगावर बसून लसूण सोलत होती, एकट्या माणसाला चार महिने पुरेल एवढा. हाताला काम नाही म्हणून कुठूनतरी काम आणलं असावं.

"या धाकट्या बाई. नाकाला पदर लावून बसा, आम्ही विषारी आहोत."

धाकटी दारातच उभी राहिली आणि तिनं सांगायला सुरुवात केली. दिवसात दुसऱ्यांदा सांगत होती, तरी सोपं गेलं नाही. मॅडमसमोर निदान शब्द तयार मिळत होते, वाढ, प्रमाण, नमुना. इथं ते काढून टाकल्यावर उरलं ते एवढंच, की तुम्ही सगळं बरोबर केलंत, मी चुकीचं सांगितलं, आणि मी आठवडाभर गप्प बसले.

ठसका सोलत राहिली. एक गड्डा संपला, दुसरा घेतला.

"म्हणजे माझं उकळणं बरोबर होतं."

"अगदी बरोबर होतं. बश्या कोऱ्या होत्या. एकही जंतू जिवंत सुटला नव्हता."

"ते मला माहीत होतं. डाव कुणी फिरवला?" ती खोकली, पाणी प्याली. "शुक्रवारी बश्या बघितल्या म्हणता. आज सोमवार. शनिवारी मला पहिल्या घरानं नको म्हटलं. रविवारी दुसऱ्यानं. आज सकाळी तिसऱ्या घरच्या पोरीनं दार न उघडता आतनंच सांगितलं. चार वर्षांची आहे ती, माझ्या हातचं खाऊन मोठी झाली. आतनं म्हणते, 'आई म्हणाली तुम्ही घाण आहात.'"

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ए, रडायचं नाही हं इथं," ठसका म्हणाली. "रडायला मी काही बोलले का? खोली माझी, नाव माझं गेलंय, आणि समजूत मी काढू तुमची?"

"नाही. मी... मला तुमची माफी मागायची आहे."

"मागितली. ऐकली. पुढं?"

"निरीक्षक नवीन अहवाल देतील. महिनाभर लागेल. त्यात लिहितील सगळं."

"आणि ते फाटकावर वाचणार कोण? मॅनेजर नवी नोटीस लावेल? त्याचं जेवण बंद पडलंय, तो माझ्यासाठी खिळा ठोकत बसेल?" ठसक्यानं लसणाचं ताट बाजूला सरकवलं. "मला सांगून काय उपयोग धाकट्या बाई? मी उकळलं हे मला आधीपासून माहीत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. उद्या एक वाजता जेवायला बाहेर बसतात त्या, फाटकापाशी. आता सगळ्या घरनं डबे आणतात."

"मी? तिथं सगळ्यांसमोर?"

"एकतीस जणींना झालंय. एकेकीच्या घरी जायचं असेल तर तसं जा, माझं काही म्हणणं नाही."

रात्री जेवताना धाकटीनं नवऱ्याला सांगितलं. तो ताट बाजूला सारून म्हणाला, "नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे. पण त्या मारतील गं तुला." यात चेष्टा किती आणि काळजी किती हे त्यालाही कळलं नसावं. तिलाही तीच भीती होती. नोकरी जाण्याची तेवढी नव्हती, जेवढी त्या चेहऱ्यांची होती.

दुसऱ्या दिवशी तिनं नोंदणीच्या टेबलावरून तासाची सुट्टी घेतली. एकच्या ठोक्याला फाटक उघडलं आणि बायका बाहेर आल्या. खांद्यावर मोजपट्ट्या, केसांत दोऱ्यांचे तुकडे. भिंतीच्या सावलीत डबे उघडले गेले. काजं करणारी म्हातारी पण होती, हाडकुळी, डब्यात नुसता मऊ भात. नोटीस तिच्या डोक्याच्या वरच लावलेली होती.

ठसका रस्त्यापलीकडे उभी होती, हाताची घडी घालून. ती जवळ आली नाही. तिला बघून दोघी-तिघींनी डब्यांवर झाकणं ठेवली.

धाकटी भिंतीपाशी गेली. "ऐकता का जरा," ती म्हणाली. दोघींनी मान वर केली. "मी... ते त्या दिवशीचं सूप. ते माझ्या बहिणीचं होतं. मी अन्न तपासायच्या ऑफिसात काम करते. त्या बाईंचं काही चुकलेलं नाही. चूक आमची आहे. माझी आहे."

चघळणारी तोंडं थांबली.

"कुणाची?" म्हातारीनं विचारलं.

"माझी. ताईनं मला फोन करून विचारलं होतं, आणि मी..."

"तपासणीवाल्या म्हणता, आणि तुम्हीच?" एक तरणीताठी बाई डबा ठेवून उभी राहिली. "मी तीन दिवस खाडा केला. या आजीला सुया टोचल्या हातभर. आणि आठ दिवस आम्ही त्या खोकणाऱ्या बाईला शिव्या घालतोय, ते?"

"हो," धाकटी म्हणाली. "ते माझ्यामुळे."

"आणि आज आलात सांगायला."

"हो. आज आले. आधी यायला हवं होतं."

ती बाई काहीतरी जोरात बोलणार होती. पण समोरची बाईच प्रत्येक गोष्टीला हो म्हणतेय म्हटल्यावर भांडण तरी कुठं टेकवायचं? ती तशीच उभी राहिली. भिंतीच्या त्या टोकाच्या बायका एकमेकींना विचारत होत्या, कोण आहे ही, काय म्हणते. काही जणी वळून रस्त्यापलीकडे बघायला लागल्या, आणि पहिल्यांदाच तोंड न फिरवता बघत राहिल्या.

म्हातारीनं डब्याचं झाकण बंद केलं आणि बाजूचीला कोपरानं सरकवून जागा केली.

"इथं चढा, या कट्ट्यावर," ती म्हणाली. "त्या तिकडच्यांना काही ऐकू येत नाहीये. मोठ्यानं सांगा, आणि पहिल्यापासून सांगा."

धाकटी कट्ट्यावर चढली. तिथून सगळ्या दिसत होत्या, आजारी पडलेल्या एकतीस त्यातल्या कोणत्या हे ओळखता येत नव्हतं. तिनं श्वास घेतला आणि त्या सकाळच्या फोनपासून, मोठ्यानं, सांगायला सुरुवात केली.